फ्लोटिंग लिड टँक: हंगामाला पास, साठवणीला नापास

छोटी वायनरी काढणाऱ्या माणसाला टँकवाला पहिल्या भेटीतच एक वाक्य ऐकवतो, "हा एक घ्या, माल कितीही असो, चालतो." तो बोलत असतो फ्लोटिंग लिड टँकबद्दल. उघड्या तोंडाचा स्टीलचा नळकांड्यासारखा टँक, वर कप्पीला टांगलेले झाकण आणि झाकणाच्या कडेला खाचेत बसवलेली रबरी ट्यूब. झाकण वाइनवर टेकवायचे, हातपंपाने ट्यूब फुगवायची, ती भिंतीला दाबून बसली की झाकण तिथेच अडकते. माल हजार लिटर असो की चारशे, झाकण त्या पातळीवर. तत्त्व इतकेच. या लेखात १,००० लिटरच्या, एक मीटर व्यासाच्या टँकचा हिशेब मांडला आहे, कारण नाशिक, दिंडोरी, निफाड भागात १० ते ३० टन द्राक्ष गाळणाऱ्याची पहिली खरेदी सहसा याच मापाभोवती फिरते.

आधी स्टीलबद्दल, कारण फसवणूक तिथूनच सुरू होते. ‘एसएस’ (स्टेनलेस स्टील) एवढेच लिहिलेले कोटेशन घेऊ नका. भिंत आणि तळ ३०४ या ग्रेडचा चालेल. झाकण आणि वरचा वीसेक सेंटिमीटरचा पट्टा मात्र ३१६ असावा, कारण वाइनमधून निघणारा सल्फर डायऑक्साइड वरच्या पोकळीत साचतो, ओलाव्यात विरघळतो आणि ३०४ ला तिथे बारीक खड्डे पाडतो. लोहचुंबक लावून खात्री करण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. ३०४ आणि ३१६ दोन्ही चुंबकाला दाद देत नाहीत, आणि स्वस्तातले २०२ देखील बहुधा देत नाही, तेव्हा या परीक्षेला अर्थ नाही. बाजारात मॉलिब्डेनम तपासणीचे थेंब मिळतात, ते वापरा, शिवाय पत्र्याचे मिल सर्टिफिकेट (कारखान्याने दिलेला ग्रेडचा दाखला) मागा.

पत्र्याची जाडी वजनावरून पकडता येते. एक चौरस मीटर स्टीलचा एक मिलिमीटर जाड पत्रा साधारण ८ किलो भरतो. एक मीटर व्यास आणि १.३ मीटर उंचीच्या टँकला भिंत, तळ आणि झाकण मिळून सुमारे ५.७ चौरस मीटर पत्रा लागतो. दीड मिलिमीटरचा असेल तर ६८ किलो, दोनचा असेल तर ९१. पाय, नळ, जॅकेट (टँक थंड करणारे बाहेरचे आवरण) यांचे वजन वेगळे. कोटेशनमध्ये ‘नुसत्या पत्र्याचे वजन’ हा रकाना मागितला की दोन फॅब्रिकेटरच्या भावातला फरक कुठून आला ते लगेच कळते. आमचा कौल दोन मिलिमीटरला. पातळ पत्रा उचलताना, ट्रकमधून उतरवताना दबतो आणि गोलाई जाते. बंद टँकची गोलाई थोडी बिघडली तर दिसायला वाईट, एवढेच. या टँकची बिघडली तर ट्यूब एका बाजूला घट्ट आणि दुसऱ्या बाजूला सैल बसते, म्हणजे टँक घेण्याचे कारणच संपले.

इटलीहून येणारे टँक गोलाईत आणि वेल्डच्या सफाईत उजवे असतात, हे मान्य करायला हवे. अडचण येते ती जोडण्यांची. आपल्याकडे पंप आणि होज बहुतेक दीड इंची टीसी क्लॅम्पचे किंवा डेअरी युनियनचे असतात, तिकडच्या टँकला आटे वेगळे. ऐन गाळणीच्या रात्री अॅडाप्टर शोधत बसावे लागते. सातपूर आणि अंबडच्या एमआयडीसीत डेअरी आणि फार्माची कामे करणारे फॅब्रिकेटर आहेत. त्यांच्याकडून करून घेतलेला टँक, कामावर नीट लक्ष ठेवले तर, छोट्या वायनरीला पुरतो. लक्ष ठेवायचे म्हणजे काय, तर आर्गॉन वेल्डिंग करताना आतल्या बाजूनेही आर्गॉन सोडला आहे ना, वेल्डच्या कडेचा निळा-तपकिरी डाग पिकलिंग-पॅसिव्हेशन (अॅसिडने सफाई) करून काढला आहे ना, आणि वेल्डवर बोट फिरवले तर नखाला खाच लागत नाही ना. नख अडकले तर तिथे टार्टरेट (वाइनमधून बसणारे क्षाराचे खडे) अडकेल, आणि टार्टरेटखाली जंतू.

लाल वाइनच्या फर्मेंटेशनला हा टँक खरोखर चांगला आहे. झाकण पूर्ण वर उचलून ठेवले की उघड्या तोंडाचा फर्मेंटर तयार. एक टन द्राक्ष देठ काढून फोडले की साधारण ९०० लिटर मस्ट (सालींसकट रस) होते. सालींची टोपी वर चढते, म्हणून टँक तीन चतुर्थांशापर्यंतच भरायचा. हिशेब असा बसतो: २० किलोचे ४० क्रेट, म्हणजे ८०० किलो द्राक्ष, म्हणजे ७२० ते ७५० लिटर मस्ट. ४५ क्रेट ओतले तर तिसऱ्या दिवशी फेस फरशीवर येतो. पाच क्रेटसाठी सगळी रात्र धुण्यात जाते, आणि हा मोह दर हंगामात कुणाला तरी होतोच.

फोडतानाच ४० पीपीएम (लिटरला ४० मिलिग्रॅम) सल्फर डायऑक्साइड द्यायचा असेल तर साडेसातशे लिटरला ३० ग्रॅम लागतो. पोटॅशियम मेटाबायसल्फाइटमध्ये तो कागदावर ५७ टक्के असतो. डबा उघडून महिना झालेला असेल तर ५० टक्केच धरा, म्हणजे ६० ग्रॅम पावडर. दिवसातून तीन वेळा टोपी खाली दाबायची. टोपीचे तापमान खालच्या रसापेक्षा सहज ५ ते ८ अंशांनी जास्त असते, म्हणून थर्मामीटर कुठे बुडवला आहे ते पाहून आकडा वाचावा. तोंडावर मलमलचे कापड हवे, नाहीतर फळमाश्यांसोबत व्हिनेगरचे जंतू येतात.

चोथा काढायला बाजूला दार असलेलाच टँक घ्या. पैसे वाचवायला बिनदाराचा घेतलेला टँक दुसऱ्याच हंगामात पश्चात्ताप करायला लावतो, कारण मग माणसाला वाकून, कधी आत उतरून चोथा उपसावा लागतो. साडेसातशे लिटर मस्टमध्ये लिटरला २२० ग्रॅम साखर असेल तर फर्मेंटेशनमध्ये सुमारे ८० किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे ४० घनमीटरहून जास्त वायू. तो हवेपेक्षा जड, त्यामुळे टँकच्या तळाशी साचून राहतो. दोन श्वासांत माणूस कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. रस ओढून घेतल्यावर खालच्या दारातून ब्लोअर लावायचा, एकट्याने काम करायचे नाही, डोके आत घालायचे नाही.

आता कूलिंग. टँकवाला जॅकेट दाखवतो आणि चिलरचा आकडा अंदाजाने सांगतो. खरा भार कुठे पडतो ते पाहा. पांढऱ्या वाइनचा १,००० लिटर रस २५ अंशांवरून १२ अंशांवर १२ तासांत आणायचा तर सव्वा किलोवॉटच्या आतबाहेर थंडावा लागतो. तोच रस फर्मेंट होताना, रोज २ ब्रिक्स (रसातल्या साखरेचे माप) उतरत असेल तर, उष्णता काढायला ०.१३ किलोवॉट पुरतो. म्हणजे चिलर दमतो तो द्राक्ष आलेल्या दिवशी, फर्मेंटेशनमध्ये नाही. त्यामुळे शेनिन किंवा सोव्हिन्यॉ ही पांढऱ्या वाइनची द्राक्षे पहाटे तोडून सात वाजायच्या आत वायनरीत आणणे हाच सर्वांत स्वस्त चिलर. अकरा वाजता, ट्रॅक्टरवर तापलेला माल घ्यायचा आणि मग मोठा चिलर विकत घ्यायचा, हा उलटा व्यवहार झाला. आणखी एक गोष्ट, चिलरच्या नेमप्लेटवरची क्षमता साधारण ७ अंशांचे पाणी देताना मोजलेली असते. ग्लायकॉल (जॅकेटमध्ये फिरणारा, न गोठणारा द्रव) उणे ५ ला लागतो तेव्हा ती बरीच खाली येते. ‘उणे ५ ला किती किलोवॉट’ हे कोटेशनमध्ये लिहूनच घ्या. ग्लायकॉल फूड ग्रेडचा, प्रोपिलीन. गाडीच्या रेडिएटरमधला इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि जॅकेट कधी ना कधी गळते.

जॅकेट कुठे बसवले आहे याला या टँकमध्ये विशेष महत्त्व आहे. एक मीटर व्यासाच्या टँकमध्ये पातळी एक सेंटिमीटरने खाली गेली की ७.८५ लिटर कमी होतात (हा आकडा टँकवर रंगवून ठेवा, रोज उपयोगी पडतो). ४०० लिटर माल म्हणजे फक्त ५१ सेंटिमीटर उंची. नेहमीच्या बंद टँकसारखे जॅकेट मध्यावर, ५० ते ९० सेंटिमीटरच्या पट्ट्यात दिले, तर अर्ध्याहून कमी भरलेल्या टँकमध्ये ते वाइन सोडून हवा थंड करते. ‘माल कितीही असो’ म्हणून घेतलेल्या टँकचे जॅकेट तळापासून १५-२० सेंटिमीटरवर सुरू व्हायला हवे. तयार नमुन्यात ते बहुधा वर असते. सांगून खाली घ्यावे लागते.

साठवणीकडे वळू, कारण टँकवाल्याचे वाक्य खोटे पडते ते इथे.

ट्यूब फुगलेली असली तरी झाकणाच्या वाटीखाली हवेचा थर राहतो. झाकण सपाट असेल आणि एअरलॉक (वायू बाहेर जाण्यासाठीची पाणी भरलेली नळी) मध्यभागी सर्वांत उंच ठिकाणी नसेल तर तो बाहेर निघतच नाही. पाच मिलिमीटरचा थर म्हणजे चार लिटर हवा. एक लिटर हवेत सुमारे २८० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो आणि एक मिलिग्रॅम ऑक्सिजन हिशेबाने चार मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड खातो. चार लिटर हवेने १,००० लिटर वाइनमधला साडेचार पीपीएम फ्री सल्फर (बांधला न गेलेला, कामाचा सल्फर डायऑक्साइड) गेला. एकदा गेला तर सोसता येते.

पण टँक श्वास घेतो. नाशिकला फेब्रुवारी-मार्चमध्ये दिवसरात्रीच्या तापमानात वीस अंशांचे अंतर पडणे नवलाचे नाही. पत्र्याच्या शेडमधल्या, चिलर बंद असलेल्या टँकमधली वाइन त्यात रोज तीन अंश वरखाली झाली असे धरा. तेवढ्याने १,००० लिटर वाइन सुमारे ०.९ लिटरने फुगते आणि पुन्हा आकसते. दुपारी एअरलॉकमधून वायू बाहेर, पहाटे तितकीच हवा आत. त्या ०.९ लिटरमधला सगळा ऑक्सिजन वाइनमध्ये उतरला तर रोज एक पीपीएम सल्फर जातो. अर्धाच उतरतो असे धरा, तरी ३० पीपीएमचा साठा दोन महिन्यांत संपतो. मार्चमध्ये बंद केलेला टँक जूनमध्ये उघडला आणि वाइनला सफरचंदाच्या कापलेल्या फोडीसारखा वास आला, तर ट्यूबला दोष देण्याआधी हा हिशेब करून पाहा.

लाल वाइनमध्ये प्रकरण आणखी तंग होते. पीएच ३.४ ला ०.८ पीपीएम मॉलिक्युलर सल्फर (फ्री सल्फरमधला जंतू रोखणारा भाग) हवा असेल तर फ्री ३२ पीपीएम पुरतो. ३.७ ला तोच परिणाम साधायला ६३ लागतो. इतका कुणी लाल वाइनमध्ये ठेवत नाही, ०.५ वर भागवले तरी ३९ लागतो. उष्ण प्रदेशातल्या शिराझ या लाल द्राक्षाचा पीएच ३.७ च्या पुढे जाणे नेहमीचे, म्हणजे मुळात हातात शिल्लक थोडी, आणि टँक ती रोज खातो.

ट्यूबही हवा धरून ठेवत नाही. व्हॉल्व्ह, पंपाचा पाइप, जोड, कुठून ना कुठून दाब उतरतो. गेज रोज वाचून वहीत लिहायचे, आणि दाब निर्मात्याने छापलेल्या मर्यादेतच ठेवायचा. ‘थोडा जास्त मारू’ म्हणणाऱ्याची ट्यूब वेल्डच्या खाचेवर फाटते. सगळ्यांत महाग पडणारी चूक मात्र वेगळीच आहे. बॉटलिंगच्या दिवशी घाईत ट्यूबमधली हवा न सोडता खालचा नळ उघडतात. झाकण वर अडकलेले, वाइन खाली चाललेली. जेवढे लिटर काढले तेवढी हवा एअरलॉकमधून आत, आणि एअरलॉकमधले पाणीही. एअरलॉक तुंबलेला असेल तर पत्रा आत ओढला जातो. क्रम असा ठेवावा: दाब सोडा, झाकण पातळीवर टेकवा, शंभर लिटर काढा, पुन्हा टेकवा. एअरलॉकमध्ये साधे पाणी घालण्यापेक्षा मेटाबायसल्फाइटचे द्रावण घालावे, आत ओढले गेले तरी नुकसान कमी.

हे सगळे माहीत असूनही वाइन याच टँकमध्ये पडून का राहते? कारण अर्धा टँक तंत्रामुळे होत नाही, विक्रीमुळे होतो. १०० केस, प्रत्येकी १२ बाटल्या, म्हणजे ९०० लिटर. छोटी वायनरी एका वेळी तेवढेच भरते, कारण बाटली, बूच, लेबल यांत पैसे अडकतात. प्रत्येक राज्याची लेबल नोंदणी वेगळी, तिचे शुल्क वेगळे, त्यामुळे आधी भरून मग गिऱ्हाईक शोधता येत नाही. महाराष्ट्रात वाइनवर २० टक्के व्हॅट आणि प्रोत्साहन योजनेत त्या २० पैकी १६ टक्के परत, हे कागदावर छान दिसते. पण परतावा म्हणजे आधी भरायचे आणि मागून मिळायचे. मधला काळ वायनरीच्या खिशातून जातो, आणि रोख तंग झाली की पहिले बॉटलिंग पुढे ढकलले जाते. वाइन टँकमध्ये थांबते. सरकलेल्या झाकणामुळे मालकाला वाटते, थांबली तर थांबली.

यावर उपाय फ्लोटिंग लिड टँक वाढवणे हा नाही. २० टन गाळणाऱ्या, त्यातले ८ टन लाल असलेल्या वायनरीचे उदाहरण घेऊ. लाल द्राक्षाच्या ८०० किलोच्या दहा खेपा होतात. एका खेपेला फर्मेंटेशन, दाबणे, धुणे मिळून १२ दिवस धरले तर तीन फ्लोटिंग लिड टँक चार फेऱ्यांत, सात आठवड्यांत काम उरकतात. चौथा घेण्याची गरज नाही. तयार वाइन साधारण १३,००० लिटर. त्यासाठी बंद तोंडाचे टँक: ३,००० लिटरचे तीन, १,५०० चे दोन, ५०० चे दोन आणि ५० लिटरचे चार केग. मापे अशी का, तर ३,००० मधून १०० केस भरले की २,१०० उरतात. १,५०० चा एक, ५०० चा एक आणि दोन केग, सगळे काठोकाठ. पुढच्या खेपेला ५०० आणि केग रिकामे करून ६६ केस भरा, १,५०० चा टँक उघडायचीही गरज नाही. यासाठी हंगामानंतर एक १,५०० चा आणि एक ५०० चा टँक मोकळा मिळेल असे पहिले बॉटलिंग ठरवावे लागते, हे खरे. मार्चनंतर तिन्ही फ्लोटिंग लिड टँक रॅकिंगला (गाळावरून वाइन काढायला), ब्लेंड जुळवायला, बॉटलिंगच्या आधी दोन-चार दिवस माल ठेवायला वापरा. आमची मर्यादा जास्तीत जास्त तीन आठवडे, चिलर चालू ठेवून. पांढऱ्या वाइनला दोन.

बंद टँकला झाकणाच्या गळ्यापर्यंत भरता येते, हवेशी संबंध वाटीएवढ्या जागेत येतो, आणि ट्यूब नावाची वस्तूच नसते. देखणेपण नाही, पण जूनमध्ये वाइन तशीच असते.

साफसफाईत हा टँक बंद टँकपेक्षा सोपा, एका अपवादासह. तोंड मोठे, आत सगळे दिसते. अपवाद ट्यूबची खाच. प्रत्येक वापरानंतर ट्यूब पूर्ण बाहेर काढायची, नुसते पाणी मारून भागत नाही. खाचेत चिकटलेल्या रसावर पांढरी साय धरते आणि पुढच्या खेपेला तीच वाइनवर पसरते. क्रम: थंड पाणी, मग १ ते २ टक्के कॉस्टिक कोमट पाण्यात, पाण्याने धुणे, १ टक्का सायट्रिक अॅसिड, पुन्हा पाणी, भरण्याआधी २०० पीपीएम पेरासेटिक अॅसिड. ब्लीच, हायपो अजिबात नको. क्लोराइड स्टीलला खड्डे पाडतो आणि लाकूड, बूच किंवा पुठ्ठा जवळ असेल तर क्लोरीन कुबट वासाचे कारण होतो. ट्यूब कॉस्टिकमध्ये भिजत ठेवू नका, रबर चिवटपणा सोडते.

टँक दारात आला की पैसे देण्याआधी करायच्या तपासण्या. आतला व्यास तळाशी, मध्ये आणि वर, प्रत्येक ठिकाणी चार दिशांनी मोजा. चार मिलिमीटरहून जास्त फरक असेल तर परत पाठवा. पायांना स्क्रूचे तळवे आहेत ना पाहा. वायनरीची फरशी नाल्याकडे उताराची असते, टँक त्यावर तिरका उभा राहिला की झाकण तिरके बसते आणि एका बाजूला फट राहते. तळ नळाकडे उतरता हवा, आणि नळ दोन हवेत: एक तळाच्या टोकाला पूर्ण निचऱ्यासाठी, दुसरा दहा-बारा सेंटिमीटर वर, लीज (तळाचा गाळ) हलवल्याशिवाय स्वच्छ वाइन काढण्यासाठी. मग टँक पाण्याने अर्धा भरा, झाकण टेकवून ट्यूब फुगवा आणि झाकणाच्या कडेवर दोन लिटर रंगीत पाणी ओता. बीटाचा रस चालतो. सकाळी कडेचे पाणी कमी झालेले किंवा खालच्या नळातून गुलाबी पाणी आले, तर सील बसत नाही. तेव्हाच गेजही वाचा.

गुण द्यायचे तर लाल फर्मेंटेशनसाठी पाचपैकी चार, हंगामातल्या धावपळीच्या हाताळणीसाठी चार, साठवणीसाठी दीड. लाल करतच नसाल, फक्त शेनिन आणि रोझे करत असाल, तर एक पुरे, तोही ५०० लिटरचा. आणि टँकबरोबर दोन ट्यूब, दोन व्हॉल्व्ह आणि एक गेज जास्तीचे मागून घ्या, ते बिलातच बसवा. ट्यूबचा व्यास आणि खाचेचे माप कागदावर लिहून घ्या, कारण फेब्रुवारीत फाटलेली ट्यूब त्याच मापाची कुरियरने यायला आठवडा लागला, तर खाली आठशे किलो शिराझ उघड्यावर असते.